‘बाकी सगळं उलट क्रमाने’ : सीटच्या लेदर कव्हरचं सूचनापत्रक आणि आपला मेथडॉलॉजी चॅप्टर

या वेळी समीक्षेसाठी शोधनिबंध घेतलेला नाही. घेतलंय एक सूचनापत्रक. स्पोर्ट्स कारच्या सीटवरचं जुनं कापडी कव्हर काढून, बाजारातून मागवलेलं लेदरचं कव्हर घरच्या घरी कसं बसवायचं, ते सांगणारं. ‘नेट-सेटची तयारी सोडून हे काय काढलंय?’ असं वाटत असेल तर थोडा धीर धरा. माझं पीएचडीचं काम हातकौशल्य आणि लिखित सूचना यांच्या नात्यावर आहे, त्यामुळे अशी पत्रकं हे माझं रोजचं वाचन. ती वाचता वाचता लक्षात आलं की या पत्रकांचा साचा आणि आपल्या मेथडॉलॉजी चॅप्टरचा साचा जवळपास एकच आहे. आणि दोन्हीकडची खोटही एकाच जागी आहे.

आधी गाडीबद्दल दोन शब्द. माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात. दोन सीटांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. पहिल्या पिढीच्या गाड्या १९९७ पर्यंत बनल्या. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी सीटसुद्धा आज पंचवीस वर्षांहून जुनी आहे. टप उघडा, त्यामुळे ऊन आणि पाऊस थेट सीटवर. म्हणून या गाडीसाठी मूळ सीटच्या मापाने कापून शिवलेली लेदर कव्हरं मिळतात, आणि हौशी मालक ती स्वतः बसवतात.

काम नेमकं काय असतं

सीट चार बोल्टांवर बसलेली असते. १४ चा पाना घ्यायचा, बोल्ट काढायचे, सीट बाहेर. मग पाठ आणि बैठक वेगळी करायची. कव्हर फोमला चिकटवलेलं नसतं. त्याच्या आतल्या बाजूच्या शिवणीत पातळ तारा घातलेल्या असतात, आणि त्या तारा फोममधल्या खाचेत ‘हॉग रिंग’ने अडकवलेल्या असतात. हॉग रिंग म्हणजे धातूची उघड्या तोंडाची कडी. खास पक्कडीने दाबली की तोंड मिटतं. या कड्या कापल्या की जुनं कव्हर सुटतं. नवं चढवायचं, तारा नव्या शिवणीत घालायच्या, नव्या कड्या दाबायच्या, सुरकुत्या काढायच्या. झालं.

पत्रकातही साधारण एवढंच असतं. काढण्याचा भाग सविस्तर: कोणता बोल्ट कुठे, कोणती कडी आधी कापायची, प्रत्येक पायरीला नंबर, सोबत चित्र. आणि बसवण्याची वेळ आली की एकच ओळ, बाकी सगळं उलट क्रमाने करा. गाड्यांच्या दुरुस्तीची हेन्स मॅन्युअल्स ज्यांनी वापरली आहेत त्यांना ही ओळ चांगलीच ओळखीची आहे. तिच्यावरचे विनोद मेकॅनिक लोकांत जुने आहेत. पण विनोद करून आपण ती सोडून देतो. ही ओळ खोटी का आहे, ते बघितलं पाहिजे.

काढणं आणि बसवणं ही एका रस्त्याची दोन टोकं नाहीत

कड्या कापताना चूक करायला फारसा वाव नसतो. कोणतीही आधी कापा, शेवटी कव्हर सुटणारच. शिवाय एका कडीच्या चुकीचा दुसऱ्या कडीवर परिणाम होत नाही.

बसवताना उलटं घडतं. पहिली कडी मध्यरेषेपासून जरा डावीकडे बसली, की दुसरी तिच्या हिशोबाने बसते, तिसरी दुसरीच्या. शेवटच्या काठाला पोहोचेपर्यंत ती चूक साठत गेलेली असते, आणि एका कोपऱ्यात चामडं पुरत नाही तर दुसऱ्यात चुण्या पडतात. म्हणून जाणकार माणूस मधल्या खाचेपासून सुरुवात करतो आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं सरकत बाहेर जातो. हा क्रम ‘उलट क्रमा’त कुठेच येत नाही, कारण काढताना त्याची गरजच पडलेली नसते.

दुसरी गोष्ट फोमची. नवं कव्हर मूळ सीटच्या मापाने शिवलेलं असतं, पण खालचा फोम आता मूळ मापाचा राहिलेला नसतो. ड्रायव्हर रोज ज्या बाजूने चढतो-उतरतो, तिथला सीटचा उंचवटा दबून गेलेला असतो. कव्हर कितीही नीट ओढा, तिथे ते सैल राहणार. तिथे फोमचा पातळ थर लावून उंची भरून काढावी लागते. जुनं कापड इतकी वर्षं फोमबरोबर बदलत गेलं होतं, म्हणून काढताना ही अडचण दिसलीच नाही.

तिसरी गोष्ट चामड्याची. चामडं सगळीकडे सारखं ताणलं जात नाही. जनावराच्या पाठीकडचा भाग कमी ताणतो, पोटाकडचा जास्त. आणि कापडातलं सुईचं भोक बुजल्यासारखं होतं, तसं चामड्यात होत नाही. पडलेलं भोक राहतं. म्हणजे ‘चुकलं तर परत करू’ ही सोय इथे मर्यादित आहे.

थोडक्यात, पत्रक जिथे सविस्तर आहे तिथे वाचकाला मदतीची गरज नव्हती. जिथे गरज होती तिथे एक ओळ आहे.

आता आपल्या प्रबंधाकडे या. ‘प्रश्नावली तयार केली, नमुना निवडला, मुलाखती घेतल्या, मिळालेल्या माहितीचे विश्लेषण करून संकल्पना निश्चित केल्या.’ ओळखीचं वाटतंय ना? नमुना किती, गावं किती, प्रश्न किती, हे सगळं तक्त्यासकट असतं. आणि शंभर पानांच्या मुलाखतींतून पाच संकल्पना कशा निघाल्या, ते एका वाक्यात. माझ्या पहिल्या मसुद्यावर गाईडनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘हे वाचून मला हे काम करता येईल का?’ उत्तर ‘नाही’ असं होतं.

‘ते अनुभवानेच कळतं’ : एक सोपी पळवाट

अशा वेळी आपण एक मोठं नाव पुढे करतो. मायकेल पोलान्यी. त्यांचं ‘द टॅसिट डायमेन्शन’ १९६६ मध्ये आलं (गंमत म्हणजे पहिलं हेन्स मॅन्युअलसुद्धा त्याच वर्षीचं). माणसाच्या ज्ञानाचा एक भाग शब्दांत मावत नाही, हा त्यांचा विचार. अव्यक्त ज्ञान. त्यांचं नाव घेतलं की प्रश्न मिटतो: कव्हर बसवणं हे हातातलं ज्ञान आहे, लिहिता येत नाही. संकल्पना काढणं ही संशोधकाची नजर आहे, लिहिता येत नाही.

माझा आक्षेप इथे आहे. ‘लिहिता येत नाही’ या एका पिशवीत आपण फार वेगवेगळ्या गोष्टी भरतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा खरं तर लिहिता येतात.

हे नीट दाखवलं ते हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने. १९७४ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा टीईए लेसर बांधायचा प्रयत्न कसा करत होत्या, याचा अभ्यास आहे. निष्कर्ष असा की नुसत्या छापील माहितीवरून कुणालाही चालणारा लेसर बांधता आला नाही. ज्यांना जमलं त्यांचा आधी यशस्वी झालेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता.

पुढे २००१ मध्ये त्यांनी नीलम स्फटिकाच्या एका मोजमापावर लिहिलं. मॉस्कोच्या गटाने केलेलं ते मोजमाप पाश्चात्त्य प्रयोगशाळांना सुमारे वीस वर्षं जमत नव्हतं. ग्लासगोत रशियन शास्त्रज्ञ स्वतः येऊन सोबत काम करू लागले तेव्हा जमलं. स्फटिक ज्या बारीक धाग्यावर टांगायचा, त्या धाग्याला किंचित तेलकटपणा लागतो, आणि तो धागा नाकावर किंवा कानामागे घासून आणला जायचा! याच लेखात कॉलिन्स न पोहोचणाऱ्या ज्ञानाचे पाच प्रकार करतात. ते पाचही आपल्या सूचनापत्रकाला लावून बघू.

पाच चाळण्या

*एक, दडवलेलं.* सांगणाऱ्याला सांगायचं नसतं, किंवा छापायला जागा नसते. ‘लेदर कव्हर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कव्हरांत फक्त अंगाला लागणारा भाग लेदरचा असतो आणि बाजू व्हिनाइलच्या. हे जाहिरातीत ठळक नसतं. तुमचा फोम दबलेला असेल तर निकाल फोटोसारखा येणार नाही, हेही विक्रेता आधी कशाला सांगेल? प्रबंधात याची जागा म्हणजे फसलेल्या मुलाखती, मध्येच बदललेली प्रश्नावली, वगळलेली दोन गावं.

*दोन, महत्त्वातली तफावत.* दोघांचं लक्ष वेगवेगळ्या गोष्टींवर असतं. पत्रक लिहिणाऱ्याला कड्या किती आणि कुठे हे महत्त्वाचं वाटतं. पण गार चामडं ताठ असतं, कोमट झालं की वळतं. कव्हर चढवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवलं तर अर्धं काम हलकं होतं. पत्रकात उष्णतेचा उल्लेख येतो तो शेवटी, सुरकुत्यांवरचा उपाय म्हणून. जुन्या कव्हरमधल्या तारांचंही तेच. त्या नव्या कव्हरमध्ये घालायच्या असतात, पण तोपर्यंत जुनं कव्हर कचऱ्यात गेलेलं असू शकतं. माहिती पत्रकात आहे, फक्त चुकीच्या जागी आहे.

*तीन, दाखवल्यावरच कळणारं.* ‘घट्ट ओढा.’ घट्ट म्हणजे किती? कोणती सुरकुती वापरात आपोआप बसेल आणि कोणती म्हणजे कडी चुकली? शब्दांत कठीण, पण दोन फोटो शेजारी ठेवले, हा चालेल आणि हा चालणार नाही, तर बरंच कळतं. व्हिडिओ हे करू शकतात, पण माझ्या पाहण्यातले बहुतेक व्हिडिओ नेमके चामडं ओढायच्या क्षणी कापलेले असतात. पुढच्या दृश्यात कव्हर बसलेलं!

*चार, स्वतःलाच न जाणवलेलं.* करणारा काहीतरी करतो, पण ते महत्त्वाचं आहे हे त्याला माहीत नसतं. कडी मिटवताना गुडघ्याने फोम दाबून धरणं. फोमवर आधी पातळ प्लास्टिक घालणं, म्हणजे चामडं फोमला न अडकता सरकतं. विचारलं तर तो म्हणेल, ‘ते होय, ते तर आम्ही करतोच.’ हे त्याला लिहायला सुचणार नाही. शेजारी बसून बघणाऱ्याला सुचेल.

*पाच, कुणालाच नीट न उमगलेलं.* तळहाताखाली चामडं अजून थोडं देईल की आता फाटेल, हा अंदाज. करणाऱ्यालाही तो कसा येतो ते माहीत नाही. सोबत काम करूनच तो हळूहळू येतो.

आता मोजा. पहिला प्रकार पूर्ण लिहिता येतो, फक्त इच्छा आणि जागा हवी. दुसराही येतो, नवशिक्याकडून एकदा मसुदा वाचून घ्यावा लागतो. तिसऱ्याला फोटो किंवा नमुने लागतात. चौथ्याला बघणारा दुसरा माणूस लागतो. खऱ्या अर्थाने शब्दांच्या पलीकडे राहतो तो फक्त पाचवा. पोलान्यींचं नाव घेऊन आपण पहिले चारही त्याच्याच खात्यावर मांडतो. माझ्या मसुद्यात मी नेमकं हेच केलं होतं. ‘वारंवार वाचनातून संकल्पना उमटत गेल्या’ असं लिहिलं होतं. त्यातल्या दोन संकल्पना मी आधी टाकून दिल्या आणि नंतर परत घेतल्या होत्या. ते लिहिता न येण्यासारखं काही नव्हतं. लिहायची लाज वाटत होती. म्हणजे प्रकार पहिला.

मग पत्रक कुठे बोलतं?

पत्रकात एक जागा मात्र अशी असते जिथे काहीच सुटलेलं नसतं. एअरबॅग. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीच्या सीटमध्ये एअरबॅग नाही, पण नंतरच्या काही पिढ्यांत सीटच्या बाजूलाच ती असते. तिथे बॅटरी आधी सोडवा, ठरलेला वेळ थांबा, पिवळ्या कनेक्टरला हात लावताना काळजी घ्या, असं सगळं ठळक अक्षरांत असतं. ते योग्यच आहे. एअरबॅग फुगताना कव्हरची एक विशिष्ट शिवण उसवली पाहिजे, त्यामुळे तिथे साधं कव्हर चालतच नाही. पहिल्या पिढीचं पत्रक वाचून नव्या गाडीवर काम करणं धोक्याचं आहे. निष्कर्षाला सीमा असतात, हे आपण वर्गात शिकतो. इथे सीमा ओलांडली तर एअरबॅग अडकते.

पण बघा, तपशील कुठे खर्च झालाय? जिथे लिहिणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते तिथे. चामडं फाटलं तर नुकसान फक्त वाचकाचं, म्हणून तिथे एक ओळ. प्रबंधातही नैतिक मान्यतेचा क्रमांक, संमतीपत्राचा नमुना, नमुना निवडीचं सूत्र, म्हणजे ज्याबद्दल व्हायवात हमखास विचारतात ते सगळं असतं. विश्लेषणाचा गोंधळ लिहिला नाही तर आपलं काही बिघडत नाही. बिघडतं ते आपला प्रबंध वाचून तेच काम पुढे नेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याचं, आणि त्याचं वर्ष जातं.

कॉलिन्स यांच्याबद्दल एक तक्रार

पाच प्रकार उपयोगी आहेत, पण ते ज्ञानाचे कायमचे कप्पे समजू नका. प्लास्टिकचं उदाहरण घ्या. एकाने बघितलं, विचारलं, लिहिलं, की चौथ्या प्रकारातली गोष्ट साध्या सूचनेत बदलते. म्हणजे प्रकार हा त्या गोष्टीचा गुण नसून त्या घडीला दोन माणसांमधल्या अंतराचं ते नाव आहे. आणि ते अंतर कापायचा खर्च कुणाच्या माथी पडतो, याबद्दल ही यादी फारसं काही सांगत नाही. तो प्रश्न वाचक म्हणून आपल्याला विचारावा लागतो.

अंतर कमी करायची एक चांगली पद्धत मात्र उपलब्ध आहे. डग्लस हार्पर यांच्या ‘वर्किंग नॉलेज’ (१९८७) या पुस्तकात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या विली नावाच्या साब मेकॅनिकचा अभ्यास आहे. हार्पर यांनी त्याच्या कामाचे फोटो काढले आणि नंतर तेच फोटो त्याच्यासमोर ठेवून त्याला बोलतं केलं. फोटो समोर असला की ‘ते तर आम्ही करतोच’ या सदरातल्या गोष्टी बाहेर येतात. तिसरा आणि चौथा प्रकार एकदम हाताशी येतो. कौशल्यावर काम करायचं असेल तर हे पुस्तक जरूर वाचा.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिस लिहिताय? मग पद्धतीच्या भागात अशी वाक्यं शोधा, जिथे क्रियापद एक आणि काम महिन्याभराचं आहे. ‘विश्लेषण केले.’ ‘निवड करण्यात आली.’ ‘वर्गीकरण केले.’ प्रत्येकासमोर एक ते पाच यातला आकडा लिहा. पाच लिहिताना दोनदा विचार करा.

आणि आणखी एक युक्ती सीटवाल्यांकडून. काही हौशी लोक कड्यांऐवजी केबल टाय वापरतात. टाय हळूहळू आवळता येतो आणि चुकला तर कापून दुसरा लावता येतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय ते पूर्ण आवळत नाहीत. आपल्याकडे याला पायलट स्टडी म्हणतात. फरक एवढाच की ते कापलेले टाय फेकून देतात. आपण ते जपून ठेवायचे आणि किती कापले, का कापले, ते चॅप्टरमध्ये लिहायचं.

माझा चॅप्टर आता अकरा पानांनी वाढलाय. गाईडनी तो परत वाचला. या वेळचा पेन्सिलीचा शेरा: ‘करून बघते.’